मार्क द्यायचेच तर रफ वहीला द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळेपासून येतो, पण पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तेही मोबाइलवर, अर्धं ठाणे-वाशी लोकलमध्ये आणि अर्धं घरी कुकरच्या शिट्ट्या मोजत, त्यामुळे कुठे वाक्य लांबलं किंवा मध्येच तुटलं तर सांभाळून घ्या. विषय आहे शाळा-कॉलेजातल्या लिखाणाचा. निबंध, पत्रलेखन वगैरे नाही हं, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचंय ते केमिस्ट्रीच्या, गणिताच्या, इतिहासाच्या, इंजिनिअरिंगच्या लिखाणावर, ज्याला आपण लिखाण म्हणतच नाही, "जर्नल कम्प्लिट करणं" म्हणतो.

झालं असं की लेकीची बारावी संपली आणि मागच्या रविवारी आम्ही रद्दी काढली. रद्दीवाला खाली काटा घेऊन थांबलेला आणि ही वर दोन ढीग करतेय. एक फेअरचा, ब्राऊन पेपरचं कव्हर, लेबल, इंडेक्सच्या पानावर सरांच्या लाल सह्या. तो ठेवायचा. दुसरा रफचा, तो द्यायचा. मी सहज म्हणून रफच्या ढिगातली वरची वही उचलली तर आत टायट्रेशन, म्हणजे रंग टिकेपर्यंत एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडायचं आणि किती लागलं ते मोजायचं. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिड, बारावी सायन्सवाल्यांना माहीत असेल. तीन रीडिंग्ज. १०.२, मग ९.१, मग १०.३. त्या ९.१ च्या पुढे दोन प्रश्नचिन्हं आणि तिच्या त्या मुंगीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलंय, "फ्लास्क गार झालेला? गुलाबी लवकर टिकला, परत गरम केल्यावर गेला!!" आणि खाली बाण काढून अजून एक ओळ, "पहिल्या थेंबाचा कलर जायला कितीतरी वेळ, नंतरचे पटापट जातात, का?"

मी गेली २३ वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधाची गुणवत्ता तपासतात तिथे, काम करते, आणि तुम्हाला सांगते, ती ओळ वाचून मी तिथेच जमिनीवर बसले. कारण तिने जे पाहिलं ते अगदी खरं आहे. ही रिॲक्शन सुरुवातीला रेंगाळते, मग तिच्यातूनच मँगनीजचे आयन तयार होतात आणि तेच पुढच्या रिॲक्शनला ढकलतात, ऑटोकॅटॅलिसिस म्हणतात त्याला. मिश्रण साठ-सत्तर डिग्रीला गरम ठेवायला सांगतात तेही ह्याचसाठी, गार झालं की रंग जायला वेळ लागतो आणि आपल्याला वाटतं एंड पॉइंट आला, रिॲक्शन पूर्ण झाली. सतरा वर्षांच्या पोरीने दोन्ही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पकडल्या होत्या, कुणी न सांगता. मग मी फेअर जर्नल उघडलं. तिथे १०.२, १०.२, १०.२. सीबीआर, म्हणजे सारखं आलेलं रीडिंग, १०.२. आकृती सुरेख, ब्युरेटला शेडिंगसुद्धा केलेलं, खाली सही. गार फ्लास्क गायब, तो पहिला थेंब गायब आणि तो "का?" पण गायब.

मी म्हटलं अगं हे का नाही उतरवलंस. तर म्हणाली, "आई, ते फेअरमध्ये नसतं लिहायचं."

खालून रद्दीवाला हाका मारत होता.

आता माझ्या लॅबमधलं सांगते म्हणजे मला एवढं का लागलं ते कळेल. आमच्याकडे रफ नावाची वस्तूच नाही. काट्यावर वजन केलं की तिथल्या तिथे, त्याच मिनिटाला, पानांवर छापील नंबर असलेल्या बांधीव रजिस्टरमध्ये लिहायचं. पेन्सिल नाही, व्हाइटनर नाही, पान फाडायचं तर नावच काढू नका. चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ, आणि रेघेखालचा आकडा वाचता आलाच पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख, कारण. म्हणजे शाळेत ज्या खाडाखोडीसाठी बाईंनी पूर्ण पान पुन्हा लिहायला लावलं होतं तीच खाडाखोड इथे पुरावा म्हणून जपून ठेवतात. औषधाच्या धंद्यात जगभर हाच कायदा, लिहिलं नाही म्हणजे केलंच नाही असं धरतात.

तीनेक वर्षांपूर्वी एक मुलगा ट्रेनी म्हणून आला, एमएस्सी, फर्स्ट क्लास, हात अतिशय स्वच्छ. ऑडिट चालू होतं. ऑडिटरबाईंनी आल्या आल्या काय केलं असेल तर बॅलन्स रूममधली कचऱ्याची टोपली तपासली (हो, खरंच तपासतात) आणि त्यातून एक टिश्यू पेपर बाहेर काढला. त्याच्यावर पेनाने सात वजनं लिहिलेली. पुढचे दोन दिवस आमचं अख्खं डिपार्टमेंट त्या एका टिश्यूचा खुलासा लिहीत बसलं होतं. पोराला विचारलं, अरे रजिस्टर समोर उघडं होतं ना, तर रडकुंडीला येऊन म्हणाला, "मॅडम, नंतर फेअर करणार होतो." पंधरा-सतरा वर्षं आपण त्याला जे करायला लावलं तेच त्याने केलं, मी त्याला काय बोलणार, कप्पाळ!

त्याच पोराची अजून एक गोष्ट. एचपीएलसीवर (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं मशीन) रोज सहाव्या मिनिटाला येणारा पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, एके दिवशी आठव्याला आला. त्याने रिपोर्ट लिहून आणला, इंग्लिशमध्ये, एकच वाक्य, त्याचा मराठीत अर्थ एवढाच की अपरिहार्य परिस्थितीमुळे निकाल समाधानकारक आढळला नाही. मी तो बाजूला ठेवला आणि त्याला घेऊन कँटीनला गेले, चहा सांगितला, म्हटलं आता मला तोंडाने सांग काय झालं. तर तो काय सुरेख सांगायला लागला. "सकाळी लाइट गेली होती मॅडम, जनरेटरवर आली तेव्हा मशीन चालू झालं, पण कॉलम ओव्हनचं टेम्परेचर चढतच नव्हतं, पंचविसावरच अडकलेलं, मी बघितलं होतं पण मला वाटलं चढेल हळूहळू, म्हणून सॅम्पलचं इंजेक्शन मारलं." सगळं आलं की नाही ह्यात? कधी, काय, काय दिसलं, काय वाटलं, कुठे चुकलो. मी म्हटलं हेच लिही. तर तो माझ्याकडे बघत राहिला, "असं साधं कसं लिहायचं मॅडम?"

ह्यात त्या मुलाचा दोष किती आणि आपला किती, तुम्हीच ठरवा. मला विचाराल तर त्याला केमिस्ट्री उत्तम येत होती, फक्त केमिस्ट्री लिहिता येत नव्हती, आणि आमच्या धंद्यात ती लिहिता येत नसेल तर येऊन उपयोग नाही.

आणि हे नुसतं नोकरीचं म्हणून नाही. विचार करायलाच लिखाण लागतं. फॅरडेचं बघा. मायकेल फॅरडे, ज्याच्या शोधावर आपला जनरेटर चालतो तो, बुकबाइंडरकडे उमेदवारी करणारा पोरगा होता, शाळा जेमतेम. १८१२ मध्ये त्याने लंडनला हम्फ्री डेव्ही ह्या नावाजलेल्या केमिस्टची व्याख्यानं ऐकली, त्याच्या नोंदी काढल्या, हातात कसब होतंच म्हणून स्वतःच त्यांची बांधणी केली आणि ते बाड डेव्हीला पाठवलं. पुढच्या वर्षी त्याच्या प्रयोगशाळेत नोकरी. बायोडेटा म्हणजे काय तर वही! पुढे आयुष्यभर प्रयोगांची रोजनिशी ठेवली, परिच्छेदांना नंबर देऊन, आणि शेवटचा नंबर आहे १६०४१. त्यात फसलेले प्रयोगही तसेच्या तसे आहेत. गुरुत्वाकर्षण आणि वीज ह्यांचा संबंध सापडतो का म्हणून त्याने खूप खटपट केली, काहीच हाती लागलं नाही, तर काहीच हाती लागलं नाही हेसुद्धा त्याने रीतसर छापलं. आमच्या लेकीच्या कॉलेजात असता तर त्याला "रीडिंग मित्राकडून घे" असं सांगितलं असतं.

उलट रामानुजनचं उदाहरण घ्या. गरिबी, कागद महाग, म्हणून सगळी आकडेमोड पाटीवर करायची, कोपराने पुसायची आणि फक्त शेवटचं उत्तर वहीत उतरवायचं. म्हणजे रफ पुसलं गेलं आणि फेअर राहिलं. ह्याचा परिणाम काय झाला तर हजारो सूत्रं आहेत आणि ती कशी आली ते नाही. अमेरिकेतले गणिती ब्रूस बर्न्ट ह्यांनी त्या वह्यांतल्या एकेका ओळीची सिद्धता लावायला घेतली, ते काम पाच खंडांत छापून झालं १९८५ ते १९९८ मध्ये, रामानुजन जाऊन तोवर पाऊणशेहून जास्त वर्षं झालेली. त्याच्याकडे कागद नव्हता म्हणून असं झालं. आपल्या पोरांकडे दोनशे पानी वह्यांची थप्पी आहे आणि आपण मुद्दाम त्यांना पाटी पुसायला लावतोय.

बाकीच्या क्षेत्रांतही हेच आहे, प्रत्येकाची रीत वेगळी. माझी नणंद ठाण्यात एका हॉस्पिटलमध्ये सिस्टर आहे. रात्रपाळीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला ओव्हर देते तेव्हा "पेशंट ठीक" लिहून भागत नाही, कितीला ताप किती होता, लघवी किती झाली, सलाइन कितवं, डॉक्टरांना फोन केला तर किती वाजता आणि ते काय म्हणाले, सगळं. डॉक्टर लोकांच्या नोंदीला तर लॉरेन्स वीड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९६८ च्या सुमाराला एक शिस्त लावून दिली, ती आज सगळीकडे शिकवतात: आधी पेशंट काय सांगतो, मग मला तपासून काय दिसलं, मग मला काय वाटतं, मग मी काय करणार. सांगितलेलं, दिसलेलं आणि वाटलेलं वेगवेगळं लिहायचं, त्याची भेळ करायची नाही. (डॉक्टरांच्या अक्षराबद्दल मी बोलत नाही, २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलला नियम काढावा लागला की औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटलमध्ये लिहा, ह्यातच काय ते समजा.)

इंजिनिअरिंगचं मात्र विचारू नका. दीर त्यातलेच, ते आजही अभिमानाने सांगतात की त्यांनी ड्रॉइंगच्या सगळ्या शीट्स जीटी मारून काढल्या. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग, काचेखाली बल्ब लावायचा, वर मित्राची शीट, तिच्यावर आपली शीट, आणि गिरवायचं. भाचा आता खारघरला त्याच लाइनला आहे, त्याच्या पिढीला चॅटजीपीटी आलं. मग कॉलेजने फर्मान काढलं की असाइनमेंट हाताने लिहूनच पाहिजे, म्हणजे कॉपी होणार नाही. तर आता ही पोरं चॅटजीपीटीचं उत्तर मोबाइलवर लावतात आणि रात्री दोनपर्यंत जागून हाताने उतरवतात. जीटीच ती, फक्त काच बदलली. मला खरं तर त्या पोरांचा राग येत नाही, कारण जे लिखाण कुणी वाचणारच नाही ते स्वतः कशाला लिहा.

आणि ह्याच कॉलेजांतून दुसरं खूळ, पीपीटी, म्हणजे पॉवरपॉइंटच्या स्लाइड्स. प्रोजेक्ट म्हणजे पीपीटी, सेमिनार म्हणजे पीपीटी, बुलेट पॉइंट टाकले की ज्ञान संपलं. कल्पना चावला आठवते ना, १ फेब्रुवारी २००३. कोलंबिया यान उडतानाच टाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून पंखाला लागला होता आणि यान वर असतानाच नासाच्या इंजिनिअर लोकांनी त्याचा अभ्यास करून वरिष्ठांना स्लाइड्स दाखवल्या. त्यातल्या एका स्लाइडवर सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, बुलेटच्या बुलेटच्या आतल्या बुलेटमध्ये, एक आकडा होता: ज्या चाचण्यांवर भरवसा ठेवलाय त्यातला तुकडा ३ घन इंचांचा, आणि यानाला लागलेला १९२० घन इंचांचा धरलाय. म्हणजे ६४० पट. तो स्लाइडच्या तळाशी पडून राहिला आणि मथळा वाचणाऱ्याला धीर येईल असा होता. नंतर जी चौकशी समिती बसली तिने आपल्या अहवालात हे स्पष्ट लिहिलंय की नीट मजकुराच्या तांत्रिक अहवालाऐवजी स्लाइड्सवर काम भागवायची सवय नासात मुरली होती. सात माणसं केवळ स्लाइडमुळे गेली असं मी म्हणत नाही, कारणं पुष्कळ होती. पण "चाचणीतल्या तुकड्यापेक्षा हा तुकडा ६४० पट मोठा आहे, त्यामुळे ही चाचणी आपल्या कामाची नाही" असं पूर्ण वाक्य कुणाला लिहायला लागलं असतं ना, तर लिहिता लिहिता त्याचाच हात थांबला असता. बुलेटमध्ये "त्यामुळे" लिहावं लागत नाही. हीच त्याची सोय आणि हीच खोट.

ह्या सगळ्यात मुख्य गोष्ट मला वाटते ती म्हणजे पोरं लिहितात कुणाला? इंग्लंडमध्ये जेम्स ब्रिटन ह्या शिक्षणतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकरा ते अठरा वयाच्या शाळकरी मुलांचे सगळ्या विषयांतले दोन हजारांवर लेखनाचे नमुने गोळा करून तपासले होते, १९७५ ला ते छापून आलं. त्यात जवळपास निम्मं लिखाण परीक्षक म्हणून बसलेल्या शिक्षकाला उद्देशून होतं. म्हणजे ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्यालाच उत्तर सांगायचं. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या कॉलेजांतही मंडळी म्हणायला लागली की लिखाण हे फक्त भाषेच्या मास्तरांचं काम नाही, प्रत्येक विषयाच्या मास्तराने आपल्या विषयातलं लिहिणं शिकवायचं, आणि पुढे बऱ्याच ठिकाणी ते रुजलंसुद्धा. आपल्याकडचे नमुने तपासले तर निम्मं तरी परीक्षकाला उद्देशून निघेल का मला शंका आहे, आपलं बहुतेक इंडेक्सवरच्या सहीला उद्देशून असतं.

हे काही साहेबाकडून शिकायला नको होतं. आपला भास्कराचार्य इकडचाच, चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्याच्या नातवाने कोरलेला शिलालेख आहे. ११५० साली त्याने लीलावती लिहिली, गणिताचं पुस्तक, तर त्यातलं अगदी साधं बेरजेचं गणितसुद्धा कुणाला तरी हाक मारून येतं. अगं बाळे, हुशार आहेस ना, मग २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० ह्यांची बेरीज सांग बघू, आणि ती दहा हजारांतून वजा केली तर काय उरतं ते सांग. (३६० आणि ९६४०, मी लोकलमध्ये करून बघितली.) समोर कुणीतरी बसलंय, तिला अजून येत नाही, आणि तिला कळलं पाहिजे, ही त्यातली गंमत. आमच्या वेळी दहावीच्या भूमितीत "साध्य", "पक्ष", "सिद्धता" लिहायचो, ते कुणाला सांगतोय हा प्रश्न कधी डोक्यात आला नाही. गुरुजींना प्रमेय माहीत होतं, आम्हाला पाठ होतं, मग सिद्ध कुणासाठी करत होतो देव जाणे.

नारळीकर सरांचं पण आठवतं. टीआयएफआरमधला (मुंबईची टाटांच्या नावाची संशोधन संस्था) एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ, १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत गोष्ट पाठवतो ती टोपणनावाने, आणि अक्षर कुणी ओळखू नये म्हणून बायकोच्या हाताने लिहून घेऊन. नंबर आला पहिला. सामान्य माणसाला कृष्णविवर कळेल असं लिहिता येतंय का, हे त्यांना नाव न लावता तपासून घ्यायचं असणार, असं मला आपलं वाटतं.

इतिहासाचं तर मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. "कारणे द्या", "टीपा लिहा", पाच मुद्दे, गाइडमधले. आम्ही राहतो ऐरोलीत. नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली १९७० ला, त्याआधी इथे भातशेती, मिठागरं, खाडीवर मासेमारी. नव्या मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, १९८४ च्या जानेवारीत जासईला मोबदल्याच्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच शेतकरी गेले. हे काय पुस्तकातलं लांबचं युद्ध आहे का, आमच्या बिल्डिंगच्या मागे दिवा गाव आहे, तिथले आजोबा संध्याकाळी देवळाच्या पारावर बसलेले असतात. आठवीच्या मुलांना सांगा, तुमची शाळा उभी आहे ती जमीन कुणाची होती, काय पिकायचं, किती पैसे मिळाले, हे तीन माणसांना विचारून या आणि लिहा. तीन जण तीन गोष्टी सांगतील. एक म्हणेल बरं झालं, पोरं शिकली. दुसरा म्हणेल फसवलं. मग पोराला दोन पानं स्वतःची लिहावी लागतील, कुणाचं किती खरं धरायचं आणि का. इतिहासकार दुसरं काय करतो? तसंच भूगोलाचं, खाडीवर फ्लेमिंगो येतात, तिथे पाच रविवार उभं राहून भरतीची वेळ आणि पक्ष्यांचा आकडा लिहा, झाला भूगोल.

आता शिक्षक म्हणतील बाई तुमचं बोलणं सोपं आहे. मला मान्य आहे. माझी मैत्रीण कळव्याला ज्युनिअर कॉलेजला शिकवते, तिने मला फोनवर हिशेब घातला, एका तुकडीची ६० जर्नल्स, प्रत्येकात २० प्रयोग, म्हणजे १२०० सह्या, अशा तिच्याकडे तीन तुकड्या, वर निवडणुकीची ड्युटी. "मी वाचू कधी?" बरोबर आहे तिचं. पण मी तिला म्हटलं, तू आत्ता तरी कुठे वाचतेस, सहीच करतेस ना, मग सगळं तपासूच नकोस. आम्ही लॅबमध्ये दोन वर्षांपासून एक करतो, संध्याकाळी निघायच्या आधी प्रत्येक ट्रेनीने पाच ओळी लिहायच्या, आज काय विचित्र दिसलं. मराठी, हिंदी, इंग्लिश, मिसळ, काही चालेल. मी त्या तपासत नाही, व्याकरण बघत नाही. त्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या शिफ्टचा मुलगा वाचतो, कारण त्याला त्याच मशीनवर बसायचं असतं. पहिल्या महिन्यात सगळे "नथिंग" लिहायचे. एकदा एकाने पंपचा आवाज बदललाय असं लिहिलं आणि सकाळच्याने सील बदललं, तेव्हापासून नथिंग बंद झालं.

कोऱ्या कागदाने काही होत नाही हे आपण सरकारी खर्चाने बघून झालंय. २०२३ ला बालभारतीच्या पुस्तकांतच वहीची कोरी पानं घातली, "माझी नोंद" असं वर छापून. कल्पना वाईट नव्हती हो. पण शेजारच्या सहावीतल्या पोराच्या पुस्तकात मी बघितलं तर एका नोंदीत फुली-गोळा, दुसरीत "मी वर्गात बोलणार नाही" पन्नास वेळा, बाकी पानं कोरी. नोंद कशाची करायची आणि ती वाचणार कोण हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वेगळ्या वह्या दप्तरात होत्याच, २०२५ ला सरकारने तो प्रयोग गुंडाळला.

माझं मागणं फार नाही. बोर्ड, युनिव्हर्सिटी जे कोण ठरवत असतील त्यांनी प्रॅक्टिकलच्या मार्कांतले निदान पाच मार्क रफ वहीला ठेवावेत. तीच वही प्रयोगशाळेत न्यायची, पेनाने लिहायची, खोडलेलं दिसलं पाहिजे, न जुळलेलं रीडिंग दिसलं पाहिजे आणि प्रत्येक प्रयोगाखाली एक तरी "का?" पाहिजे, उत्तर नसलं तरी चालेल. आणि दोन ओळी त्या मुलासाठी ज्याची त्या दिवशी दांडी होती. फेअर जर्नल हवं तर ठेवा, बाइंडिंगवाल्यांच्या पोटावर पाय द्यायचा माझा विचार नाही. चॅटजीपीटीला तुमचा फ्लास्क गार झालेला दिसत नाही, त्यामुळे तीही काळजी मिटेल. सुरुवातीला पोरं रफ वहीसुद्धा घरी बसून नीटनेटकी रफ बनवतील, खोटी खाडाखोड करतील, ते मला दिसतंय, आपलीच पोरं आहेत. पण कारण रचायला बसलं तरी फ्लास्क गार झाल्यावर काय होतं ह्याचा विचार करावाच लागतो.

ती वही मी रद्दीत दिली नाही. रद्दीवाल्याने बाकीचे साडेसात किलो नेले.

आपली,
एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

ता. क. पाठवायच्या आधी लेकीला वाचायला दिलं. म्हणाली, दुसरं रीडिंग ९.१ नाही, ९.४ आहे, तुझा चष्म्याचा नंबर वाढलाय. वही काढून बघितली, तिचंच बरोबर. वर बदलणं सोपं होतं, एक बटण दाबायचं, पण राहू दे तसंच. ९.१ चुकीचं, ९.४ बरोबर, कारण: अक्षर वाचताना चूक. आणि छापताना जागेसाठी कात्री लावलीत तर इतिहासाचं ठेवा, पीपीटीचं गेलं तरी चालेल.